मावशीचं दुपारचं वाचन

आधीच सांगते, कुणाला पटवून द्यायला मी हे लिहीत नाहीये. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. मलाही तसंच वाटलं असतं तर फार बरं झालं असतं.

पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि ऐकणं हाच माझा धंदा आहे.

आणखी एक. यात रात्र-बित्र काही नाही, अंधार नाही, वाट चुकलेला प्रवासी नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख ऊन असताना. माझ्या मावशीच्या घरातल्या मागच्या खोलीत.

मी अंध वाचकांसाठीच्या एका ग्रंथालयात काम करते. तिथे बोलती पुस्तकं तयार होतात. कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतं आणि मी ते साफ करते. खोकला काढायचा, पाण्याचा घोट काढायचा, मधेच वाजलेली दारावरची बेल काढायची. दिवसभर कानाला हेडफोन. घरचे म्हणतात, हिच्याशी बोलायचं तर आधी अर्ज करावा लागतो.

आमची सगळ्यात चांगली वाचक म्हणजे माझी सख्खी मावशी.

तिचा आवाज... कसा सांगू? उबदार. घाई नसलेला. जेवणं आटोपली, गल्ली शांत झाली की ती मागच्या खोलीत जायची. दार लोटायची. पंखा बंद करायची, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. एक घोट पाणी, एकदा घसा साफ, आणि मग वाचायला सुरुवात. चहाची वेळ होईपर्यंत.

काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, तिला काही त्रास नव्हता. त्यांना ऐकायला कमी येतं. दुपारी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं की त्यांच्या उशाशी बँड वाजवला तरी ते उठायचे नाहीत.

एकदा तिचा कॉम्प्युटर बसला आणि वाचून संपत आलेलं अख्खं पुस्तक गेलं. मावशीने ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. तक्रार केली नाही, पण मला फार लागलं. मग मी आमच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण कुठलंही मशीन बघितलं की तो आधी त्याला हात लावून ‘ताप आहे’ म्हणतो.

डॉक्टरने तिचं फोल्डर क्लाउडवर जोडून दिलं. म्हणाला, “मावशी, आता काळजी सोडा. तुम्ही इथे वाचलंत की आपोआप तिकडे वर जाऊन बसेल. मशीन मेलं तरी आवाज शाबूत.”

मावशी हसली. “म्हणजे मी आहे तिथेच, आणि माझा आवाज आधी वर?”

आम्ही सगळे हसलो.

आज हे लिहिताना हात थांबतोय.

ते फोल्डर तिघांकडे होतं. मावशीच्या कॉम्प्युटरवर, माझ्याकडे, आणि एका मास्तरांच्या फोनवर. मास्तर म्हणजे आमचे एक जुने वाचक. शाळेतून निवृत्त झाले आणि पाठोपाठ नजर गेली. एक भलीमोठी कादंबरी वाचत असताना गेली. अर्ध्यात. ते मला दर आठवड्याला फोन करून विचारायचे, “त्या कादंबरीचं बघा ना हो. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मी काही जात नाही.”

मावशीला हे कळलं आणि तिने तीच कादंबरी वाचायला घेतली. माझ्या साफसफाईला वेळ लागतो, तेवढा मास्तरांना धीर नव्हता. मावशी म्हणाली, “त्यांना माझ्या खोकल्यासकट ऐकू दे.” मास्तरांच्या सुनेने त्यांच्या फोनवर फोल्डर जोडून दिलं. फोन बोलून सांगायचा, नवीन फाईल आली. ते ऐकायचे.

पुस्तक बरंच पुढे गेलं. थोडीच प्रकरणं राहिली.

आणि मावशी गेली.

साधा खोकला म्हणून सुरू झालं, छातीत उतरलं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ती चालत गाडीत बसली होती. परत आली ती तशी आली नाही.

काकांनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. कॉम्प्युटरची वायर मीच काढली. माइक ग्रंथालयाचा होता, तो परत नेला. कादंबरीही ग्रंथालयाची, ती माझ्या पिशवीत घातली. राहिलेली प्रकरणं दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावीत म्हणून. पण मला ते जमेना. पुस्तक पिशवीतच राहिलं.

मास्तरांना मी कळवलंच नाही. जीभच रेटेना.

मग एका दुपारी मी कामावर असताना फोन टुणकन वाजला.

मावशीच्या फोल्डरमध्ये नवीन फाईल आली होती.

मला वाटलं, काहीतरी जुनं अडकलं असेल, ते आता पोचलं. मी हेडफोन लावले आणि फाईल सुरू केली.

काहीच नाही.

आवाज नाही. शब्द नाही. नुसती शांतता.

सगळी शांतता सारखीच असते असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. भिंतींची, फरशीची, कपाटाची. मी ती रोज ऐकते. आणि ही शांतता मी कितीतरी पुस्तकांखाली ऐकली होती.

ती मागची खोली होती. खिडकीची सैल काच वाऱ्याने हलकीशी थरथरत होती. लांब, बाहेरच्या खोलीत घड्याळ चालू होतं.

आणि मग...

पान उलटल्याचा आवाज.

मी हेडफोन कानांवर दाबून धरले. थोडा वेळ काही नाही. जेवढा वेळ एक पान वाचायला लागतो, तेवढा.

पुन्हा पान उलटलं.

फाईल संपेपर्यंत हेच. कुणीतरी मनातल्या मनात वाचत होतं.

मी पिशवीत हात घातला. पुस्तक तिथेच होतं.

मी काकांना फोन लावला.

“काका, मावशीच्या खोलीत कुणी गेलं होतं का?”

“हो हो, जेवण झालं माझं.”

“जेवण नाही काका! खोली! कॉम्प्युटरला कुणी हात लावला का?”

“कॉम्प्युटर? त्याची वायर तूच काढून ठेवलीस की. कपाटावर आहे, गुंडाळलेली. का? तुला हवी आहे का?”

नको म्हटलं. फोन ठेवला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा फाईल. पुन्हा तीच शांतता, तीच पानं.

तिसऱ्या दिवशी त्यात पाण्याचा घोट होता. भांडं टेबलावर ठेवल्याचा बारीक टण्ण.

मग पुढे कधीतरी... घसा साफ केल्याचा आवाज.

मावशीचा तो आवाज मी आयुष्यभर कापत आले. हजारात ओळखेन. ग्रंथालयात सगळ्यांसमोर मी रडायला लागले. आमच्या साहेबांना वाटलं, मावशीची आठवण आली. त्यांनी मला घरी पाठवलं.

मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? त्यानंतर आलेल्या फाईली मी उघडल्याही नाहीत.

आणि मग मास्तरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“अहो, किती दिवस नुसत्या कोऱ्या फाईली येत होत्या. मला वाटलं माझे कानही गेले! पण काल आलं की पुढचं प्रकरण. काय वाचलंय! मावशींना सांगा. आणि हो, त्यांना जरा गरम पाणी प्यायला सांगा. आवाज बसल्यासारखा वाटतो.”

मी भिंतीला टेकले.

“मास्तर... मावशी गेली.”

“कुठे?”

विचारता विचारताच त्यांना समजलं.

मग ते हळूच म्हणाले, “मग कालचं?”

“आधीचं असेल,” मी म्हटलं. “उशिरा पोचलं असेल.”

“हं,” ते म्हणाले. “असेल.”

फोन ठेवून मी ती फाईल लावली. पिशवीतून पुस्तक काढलं आणि ओळींवर बोट ठेवून ऐकत गेले. मावशीने शेवटचं वाचलेलं प्रकरण जिथे संपलं होतं, तिथून पुढे. शब्दन् शब्द बरोबर. एक स्वल्पविराम चुकला नाही.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. आणि तिकडे त्याची पानं उलटत होती.

मी डॉक्टरला गाठलं. तो हसला, म्हणाला, “दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर खातं उघडं असणार. आता बघतो.” आम्ही दोघं मावशीकडे गेलो. त्याने त्याच्या लॅपटॉपवर मावशीचं खातं उघडलं. फाईली कुठल्या मशीनवरून चढतात ते तिथे दिसतं.

एकच मशीन होतं. मावशीचं. समोर टेबलावर बंद पडलेलं, वायर काढलेलं. धूळ बसलेलं.

डॉक्टरने मशीन उघडलं, आतली डिस्क काढून खिशात घातली. लॅपटॉपवर त्या मशीनचं नाव खात्यातून काढून टाकलं. मग रिकामा डबाही उचलला आणि स्कूटरवर बांधून दुकानात नेला.

“आता कुठून येतंय बघू,” म्हणाला.

दुसऱ्या दुपारी फाईल आली.

डॉक्टरने त्यानंतर माझा फोन उचलला नाही. एकदा दुकानात गाठला, तर गिऱ्हाईकासमोरच हात जोडले. “ताई, मी मशीन दुरुस्त करतो. हे मशीन नाहीये.”

मग मी ठरवलं. आपणच जाऊन बसायचं.

एका दुपारी रजा टाकून गेले. काका झोपले होते, कानातलं मशीन डबीत. मी मागच्या खोलीचं दार उघडलं.

टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर जिथे असायचा तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन. मावशीची खुर्ची आत सरकवलेली. माइक नाही. काही नाही.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पंखा लावला नाही.

काच थरथरली. बाहेर घड्याळ चालू होतं. मी कान टवकारून ऐकत राहिले... एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल.

काही झालं नाही. पान उलटलं नाही. खुर्ची करकरली नाही. ऊन खिडकीतून सरकत सरकत टेबलावर आलं.

शेवटी मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, “मावशी... आहेस का गं?”

शांतता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मी किंचाळले. काका होते.

“अगं, तू कधी आलीस? आणि इथे एकटीच काय करतेस?” ते मोठ्याने म्हणाले. मशीन नसलं की ते असंच बोलतात, सगळं जग बहिरं असल्यासारखं.

मी नुसती मान हलवली.

“मग चल बाहेर. चहा टाकतो.”

आम्ही बाहेर आलो. मी दार ओढून घेतलं. चहा प्यायलो. कप विसळत होते तेव्हा पिशवीत फोन टुणकन वाजला.

फाईल आली होती.

तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी हेडफोन लावले.

दार उघडल्याचा आवाज. माझी पावलं. स्टूल ओढल्याचा आवाज.

मी माझंच बसणं ऐकत होते.

मग ती लांब शांतता. काच. घड्याळ. माझा श्वास. आणि मग माझा आवाज, खूप लांबून आल्यासारखा...

“मावशी... आहेस का गं?”

आणि लगेच, अगदी माइकजवळून, अगदी माझ्या कानाशी...

“आहे ना. बसा. मध्ये बोलू नका, वाचन चालू आहे.”

माझ्या हातातून कप पडला.

खोटं कशाला बोलू? मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला फार बरं वाटलं. आहे! मावशी आहे. त्या खोलीत आहे, मला ऐकत होती. पुढे काकांचं ओरडणं आलं, आमची पावलं आली, दार लागलं. खुर्ची सरकली. घोट. घसा. आणि ती वाचू लागली. मी ओट्याला टेकून हसत होते आणि रडत होते.

काका कपाच्या आवाजाने नाही, पण मला तसं बघून धावत आले. मी त्यांना काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. माझे हेडफोन त्यांच्या कानाला लावले, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि ती जागा पुन्हा लावली.

काकांचा चेहरा मी बघत होते. मला वाटलं, आता यांचेही डोळे भरतील.

त्यांनी डोळे मिटले. ऐकलं. पुन्हा लाव म्हणून खूण केली. पुन्हा ऐकलं.

मग हेडफोन काढून ओट्यावर ठेवले. अगदी सावकाश. तापलेलं भांडं खाली ठेवावं तसे.

“ही ती नाही,” ते म्हणाले.

पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलत होते.

“काका, असं काय करता? मावशीचाच आवाज आहे.”

“आवाज तिचा आहे. ती नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिने तुला कधी ‘बसा’ म्हटलंय?”

मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा लावून पाहिलं.

मावशीने मला अंगाखांद्यावर खेळवलं. ‘चिमणे’ म्हटल्याशिवाय तिचं माझ्याशी वाक्य सुरू व्हायचं नाही. ‘बस गं चिमणे, तोंड बंद ठेव, मी वाचतेय.’ असं म्हणाली असती ती.

“जगातलं मला काही धड ऐकू येत नाही,” काका म्हणाले. “पण तिचं यायचं. एवढी वर्षं तेवढंच तर ऐकलं. हे जे कोण आहे... ते तुला ओळखत नाही.”

घरात आम्ही दोघंच होतो. दोघांनीही एकदम मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

दार बंद होतं. मी ओढून घेतलं होतं तसंच.

त्याच दिवशी मी काकांना माझ्याकडे घेऊन आले. एका पिशवीत कपडे, दुसरीत औषधं. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. वाटेत ते म्हणाले, “तिचा आवाज आपण वर ठेवला ना... तो कुणाच्या हाती लागला असेल गं?”

मला ते वाक्य डोक्यात येऊच द्यायचं नव्हतं.

ते खातं कायमचं बंद करायचं ठरलं. जीव तुटत होता. साफ केलेली पुस्तकं ग्रंथालयात आहेत, पण मूळ रेकॉर्डिंग त्या फोल्डरमध्येच होतं, तिथून पुसलं की तिघांकडूनही जाणार. तिचं खोकणं, तिचं मधेच ‘थांब जरा, चष्मा कुठाय’ म्हणणं, दारावरची बेल वाजल्यावर तिचं वैतागणं. सगळं पुसलं जाणार होतं.

त्याआधी एक काम होतं. मास्तरांचं. राहिलेली प्रकरणं मी स्वतः वाचून देणार होते. मावशीने हाती घेतलेलं तेवढं तरी पुरं व्हावं. मी त्यांना फोन केला.

“मास्तर, पुढची प्रकरणं मी वाचून पाठवते. माझा आवाज तितका चांगला नाही, पण चालवून घ्या.”

“अहो, पण पुस्तक संपलं की,” ते म्हणाले. “आजच ऐकलं शेवटचं प्रकरण.”

“आज?”

“आत्ता, दुपारी. फार सुंदर शेवट आहे. मग त्यांनी विचारलं, आता पुढचं कुठलं वाचू?”

“कुणी विचारलं?”

“मावशींनी. फाईल संपली होती, आणि मग विचारलं.”

“मास्तर, तुम्ही... उत्तर दिलंत?”

“एवढं आपुलकीने कुणी विचारलं तर गप्प बसायचं का?” ते हसले. “गेल्या म्हणालात तुम्ही, ते माझ्या लक्षात आहे हो. पण वाचताहेत ना? मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते वाचा. मला आता सगळंच नवीन.”

“मग?”

“मग म्हणाल्या, इतक्या लांबून कशाला, आता मी तिकडेच येऊन वाचते.”

मी त्यांना काहीबाही सांगून फोन ठेवला आणि ते खातं उघडलं. सगळं काढून टाकायचं का, असं विचारलं. हो. परत मिळणार नाही, चालेल का? हो. हो. हो.

फोल्डर गेलं.

दुसऱ्या दुपारी मी फोन समोर ठेवून बसले. वाजला नाही. त्याच्या पुढच्या दुपारीही नाही. काका माझ्या घरी शांत झोपू लागले. मी कामावर जाऊ लागले. मास्तरांना फोन करायचा धीर मात्र होत नव्हता. त्यांचाही आला नाही. इतकी वर्षं दर आठवड्याला येणारा फोन... बंद.

शेवटी न राहवून मीच केला. दुपारीच. कामावरूनच. त्यांच्या सुनेने उचलला.

“मास्तर कसे आहेत?” मी विचारलं.

“मजेत! खरंच, तुमचे आभार कसे मानू? पूर्वी दिवसभर नुसते बसून असायचे. आता जेवण झालं की स्वतःच खोलीत जातात, दार लावून घेतात. मला सांगून ठेवलंय, मध्ये कुणी यायचं नाही. पंखासुद्धा बंद करायला लावतात.” ती हसली. “इतकं छान वाचतात तुमच्याकडच्या बाई. मी इथे भांडी आवरता आवरता ऐकत असते. आत्ताही चालू आहे बघा.”

तिने बहुतेक फोन त्या दाराकडे धरला.

मला ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. पण चाल कळत होती. उबदार. घाई नसलेली.

“पण ते ऐकताहेत कशावर?” मी विचारलं. “आमच्याकडून तर काहीच येत नाही आता.”

“फोनवरच ऐकत असतील ना...” ती म्हणाली.

आणि बोलता बोलता थांबली.

“असं कसं? त्यांचाच तर फोन आहे हा. तुम्ही त्यांच्याच फोनवर बोलताय माझ्याशी.”

आतला आवाज वाचत होता.

मग थांबला.

“मी बघते हं आत,” सून म्हणाली. तिचं पाऊल मला ऐकू आलं.

“नको!” मी ओरडले. ग्रंथालयातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. “नका उघडू दार. चहाच्या वेळेपर्यंत थांबा. मग ते आपणहून बाहेर येतील.”

“का हो?”

का, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. आजही येत नाही.

ती थांबली. मास्तर चहाच्या वेळेला बाहेर आले. नेहमीसारखेच, हसत. असं तिने नंतर कळवलं. त्यांना काहीही झालेलं नाही. तब्येत उत्तम आहे. सून आता दुपारी मुलाला घेऊन शेजारी जाऊन बसते. एवढंच.

मी आता घरी काम आणत नाही. हेडफोन कपाटात असतात. दुपारी काका झोपले की मी पंखा मोठा करून ठेवते, घरघर होईल असा.